मालनबाईंच्या मुठीतली सळई

माझ्या अंगावर एक आडवी रेघ आहे. टोकापासून साधारण हातभर अंतरावर ती येते. रेघेच्या वर मी तांबूस आणि खरखरीत आहे. रेघेच्या खाली काळी आणि गुळगुळीत. ऊन तिरपं असेल तरच ही रेघ डोळ्यांना दिसते, एरवी बोट फिरवून पाहावी लागते. मला जिथपर्यंत रोज ढिगात खुपसतात, तिथपर्यंत मी घासली गेले आहे. बाकीची मी गंजले आहे.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या एका मळ्यात मी राहते. गोठ्याच्या भिंतीला टेकून उभं राहायचं आणि सकाळी खताच्या ढिगात जायचं, एवढंच माझं काम. ऐकायला ते फारसं मोठं वाटणार नाही. पण या कामात मला अशी माणसं आणि असे जीव भेटले, की ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म जालन्याच्या एका कारखान्यात झाला. तिथे भंगार वितळवून सळया काढतात. त्या भट्टीतली उष्णता मला अजून आठवते. तिच्यात माती, गवत, किडा, काहीच टिकत नाही. लहानपणीच माझी पक्की समजूत झाली, की जिथे उष्णता आहे तिथे जीव नाही. ही समजूत चुकीची होती. ती पुढे एका ढिगाने दुरुस्त केली.

या मळ्याचे मालक सावळीरामअण्णा. त्यांनी घराचा स्लॅब टाकला तेव्हा मी ट्रकमधून इथे आले. माझ्या बहिणी स्लॅबमध्ये गेल्या आणि मी तुकडा म्हणून उरले. अण्णांनी मला वेल्डिंगवाल्याकडे नेलं, माझं एक टोक वळवून त्याची कडी करून घेतली आणि मला मालनबाईंच्या हातात दिलं.

"घे. तुझ्या ढिगाला काठी पुरत नव्हती, आता लोखंड आणलंय," ते म्हणाले.

मालनबाई म्हणजे अण्णांच्या पत्नी, मळ्याच्या मालकीणबाई. कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर आणि सणासुदीचा झेंडू, हा त्यांचा संसार. जुड्या बांधताना उरलेल्या काड्या, फ्लॉवरची पानं, बाजारातून परत आलेला कोमेजलेला झेंडू, शेण, हे सगळं त्या गोठ्यामागे रचत. थर रचायचे, पाणी शिंपडायचं, वर गोणपाट टाकायचं. मग सकाळी मला ढिगाच्या मध्यात खुपसायचं आणि जुड्या बांधायला बसायचं. जुड्या संपल्या की कडीला धरून मला बाहेर काढायचं आणि रेघेच्या खाली मुठीत धरायचं. धरवलं नाही, तर ढीग चांगला तापला. सहज धरवलं, तर ढीग गार आहे, त्याला वर-खाली करायला हवा. आमच्या बाजूच्या मळ्यांत ही जुनी रीत आहे. मालनबाईंच्या सासूबाई काठी वापरत.

मी पहिल्यांदा ढिगात गेले तेव्हा घाबरले होते. भोवती ऊब होती आणि ती रोज वाढत होती. चूल नाही, विस्तव नाही, मग ही उष्णता येते कुठून? हळूहळू मला कळलं. ती उष्णता म्हणजे जेवणाऱ्यांची ऊब होती. माझ्या अंगाला चिकटून असंख्य सूक्ष्म जीव पालापाचोळा खात होते आणि खाता खाता ढीग तापवत होते. सुरुवातीला आले ते साधे जिवाणू. तुमच्या अंगाएवढ्या उबेत ते सुखी असतात. पण त्यांनीच वाढवलेली उष्णता त्यांना सोसेना. ते मागे पडले आणि मग दुसरे जागे झाले. इतका वेळ ते कुठेतरी मातीत, शेणात, गोणपाटाच्या धाग्यात गप्प पडून होते. ज्या उष्णतेत हात पोळतो, त्या उष्णतेत त्यांचा दिवस उजाडला. ढीग उकरला की आत राख उधळल्यासारखा पांढरा थर दिसतो ना, ती राख नसते. ती त्यांच्यातल्याच काहींची वस्ती असते.

जालन्याच्या भट्टीत मी जे शिकले होते ते मी या ढिगात विसरले.

पुढे त्यांच्या मुलाचं, कुंदनचं लग्न झालं आणि मनीषा सून म्हणून घरात आली. कुंदन टेम्पो चालवतो, पिंपळगावला आणि मुंबईला माल नेतो. मनीषा सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. सातपूरच्या एका लहान कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती नोकरी करते. तिथे कापड मऊ करण्यासाठी लागणारी विकरं बनवतात. विकर म्हणजे जिवंत पेशीने बनवलेलं प्रथिन, जे एखादं काम भरभर घडवून आणतं. नवी नवरी असताना ती एका रविवारी गोठ्यामागे आली, मला ढिगातून काढलं आणि माझ्या टोकावरचा काळा लेप एका छोट्या नळीत खरवडून घेतला.

"हे गं काय?" मालनबाईंनी विचारलं.

"आई, यातले पाहुणे पाहायचेत."

"पाहुणे? आमच्या ढिगात?"

पुढच्या रविवारी जुड्या बांधताना मनीषाने सगळं सांगितलं. तिने तो लेप आधी उकळत्या पाण्यात ठेवला होता. साधे जिवाणू त्यात संपले. मग जे उरलं ते तिने जिवाणूंचा खाऊ ओतलेल्या काचेच्या बशीवर पसरलं आणि बशी हाताला चटका बसेल इतक्या गरम कपाटात ठेवली. बशी सुकू नये म्हणून शेजारी पाण्याचं भांडं. सकाळी बशीवर ठिपके उगवलेले होते.

"उकळल्यावर बी जगले?" अण्णांनी जुडी तशीच हातात धरली.

"हो अण्णा. वाईट वेळ आली की ते स्वतःभोवती टणक कवच करतात. त्याला बीजाणू म्हणतात. खायचं नाही, वाढायचं नाही, नुसतं थांबायचं. वर्षानुवर्षं थांबतात."

"आणि गरमीत शिजत कसे नाहीत?" मालनबाईंचा प्रश्न.

मनीषाने समोरच्या राशीतून दोन जुड्या उचलल्या. एक तिने स्वतः बांधलेली होती, दुसरी मालनबाईंनी. आपली जुडी तिने हलवली तशा काड्या निसटल्या. मालनबाईंची हलवली, काही झालं नाही.

"प्रथिन म्हणजे अशी जुडीच समजा. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं, ते परत पातळ होत नाही. त्याच्या आतली बांधणी सुटते. या जिवाणूंच्या प्रथिनांना आतून जास्तीचे बंध असतात. तुमच्या जुडीसारखे. गरम झालं तरी घडी मोडत नाही. म्हणून त्यांची विकरं कारखान्यात उपयोगी पडतात. गरम पाण्यात कापड घातलं तरी ती काम करत राहतात. करोनात नाकातून नमुना घ्यायचे ना, त्या तपासणीत नळी पुन्हा पुन्हा उकळीपर्यंत तापवतात. त्यात जे विकर वापरतात, ते मुळात एका गरम झऱ्यातल्या जिवाणूचं."

"म्हणजे माझी सळई करोना तपासणाऱ्यांच्या नात्यातली," मालनबाई म्हणाल्या.

अण्णा हसले. "ढिगाला ताप आला की हिला आनंद. मला आला तर म्हणते, सोंग करतो."

मित्रांनो, त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. मनीषाने माझ्या टोकावरचा एक जिवाणू प्रयोगशाळेच्या शीतपेटीत जपून ठेवला होता. त्याच्या नळीवर तिने नाव लिहिलं होतं, 'मालन'.

चांगली वर्षं अशीच गेली. आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका मालनबाईंकडून झेंडूची रोपं नेत, कारण इथली रोपं मरत नसत. त्याचं कारण ढीग होता. चांगल्या तापलेल्या ढिगात तणाचं बी आणि रोगाची बुरशी जळून जाते. असं खत वाफ्यात घातलं की कोवळ्या मुळांना धोका राहत नाही. म्हणून ढीग खरंच तापला का, हे नीट कळणं महत्त्वाचं. आणि ते मालनबाईंच्या मुठीवर अवलंबून होतं.

बदल मला सर्वांत आधी जाणवला. एका सकाळी मालनबाई वाफ्यातून आल्या तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. चप्पल मागे चिखलात रुतून राहिली होती आणि त्या तशाच चालत आल्या होत्या. शेजारच्या मळ्यातल्या नवसाबाईंनी ती उचलून आणली.

"मालन, चप्पल पेरली काय गं? उगवली तर मला बी दे एक जोड."

सगळे हसले. मालनबाईही हसल्या. पण मला काढून मुठीत धरलं तेव्हा ती मूठ उघडलीच नाही. मी चांगली तापलेली होते. पूर्वी त्या "आई गं" म्हणून मला टाकून देत. आता त्या मला धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

"गार हाय," त्या म्हणाल्या.

ढीग गार नव्हता. पण त्यांनी तो वर-खाली केला, पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज पाणी, रोज उलथापालथ. ढिगातल्या माझ्या सोबत्यांना हवा लागते, ओल लागते, पण पाण्यात बुडवलं की त्यांचा श्वास कोंडतो. ढीग आंबला. त्याला नासक्या भाजीचा वास येऊ लागला आणि तो खरंच गार झाला.

"ढिगाला आता स्वेटर विण, मालन," नवसाबाई म्हणाल्या.

मग घरात शोध सुरू झाला. अण्णांनी गाईवर ठपका ठेवला. तिची ढेप, म्हणजे पेंड, बदलल्यापासून शेणात दम राहिला नाही, असं त्यांचं म्हणणं. कुंदनला वाटलं, परत आलेल्या झेंडूवर कोणीतरी औषध मारलेलं असणार. मनीषाचाही संशय औषधावरच होता. शेण बदललं, फुलं बदलली. विहिरीचं पाणीसुद्धा बदलून पाहिलं. मुठीकडे कोणी पाहिलं नाही. इतकी वर्षं जी मूठ खरं सांगत आली होती, तिच्यावर संशय घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मालनबाईंना मात्र कळलं होतं. नवा ढीग रचल्यावर त्यांनी वेगळीच रीत धरली. मला मुठीत घ्यायचं, क्षणभर थांबायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "पोळतंय!" म्हणजे कोणी काही विचारणार नाही. त्या वाफ बघून, वास घेऊन अंदाज बांधत. कधी अंदाज बरोबर येई. एकदा चुकला. अर्धवट तापलेलं खत तयार म्हणून वाफ्यात गेलं आणि दसऱ्याच्या झेंडूची रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. नुसती आमचीच नाहीत. नवसाबाईंनी नेलेलीसुद्धा.

नवसाबाई त्या दिवशी थट्टा करायला आल्या नव्हत्या.

"दुसरी रोपं घेऊन दसरा गाठायचा नाय आता," त्या म्हणाल्या. "तुझ्या भरवशावर बसले मी, मालन."

मालनबाईंनी मान खाली घातली. "माझ्याकडं जी जगलीत ती तू ने."

मनीषाने पुन्हा माझ्या टोकावरचा लेप नेला. आठवडाभराने ती गोठ्यामागे आली ती गोंधळूनच. "आई, जिवाणू मस्त आहेत. बशी भरून उगवले. औषधाचा काही परिणाम नाही. मग ढीग तापत का नाही?"

मालनबाईंनी ढिगावरचं गोणपाट ओढून सारखं केलं.

मनीषाने प्रयोगशाळेतून लांब दांड्याचा तापमापक मागून आणला. घड्याळासारखी तबकडी, त्यावर काटा. तो ढिगात बसला आणि मला गोठ्यातल्या खुंटीला टांगलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या काळ्या भागावर धूळ बसली. रेघेच्या खालीही गंज धरू लागला. नव्या ढिगात माझे सोबती जेवत होते आणि मी भिंतीवर होते. पण त्याहून जास्त मला मालनबाईंच्या येरझारा दिसत होत्या. त्या तापमापकाजवळ जात नसत. माझ्यापाशी येत, मला हात लावत आणि परत जात.

एका सकाळी त्यांनी मला खुंटीवरून काढलंच. तापमापक ढिगात होता. शेजारीच त्यांनी मला खुपसलं. जुड्या झाल्यावर त्या आल्या, मला बाहेर काढलं आणि मुठीत धरलं. मनीषा तेव्हा कामावर निघण्यापूर्वी तबकडी वाचायला आली होती. काटा साठ अंशांच्या बराच पुढे गेला होता.

"कोमट हाय," मालनबाई स्वतःशीच म्हणाल्या. "कोमट बी नाय."

मनीषाने तबकडी पाहिली. मग मूठ पाहिली.

"आई, सोडा."

"काय गं?"

"सळई सोडा आधी!"

मी जमिनीवर पडले. मालनबाईंचा तळहात लाल झाला होता आणि त्यावर फोड उठत होते. त्या आपल्या हाताकडे असं बघत होत्या जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. मनीषाने त्यांचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"पायाचं आधी. हाताचं मागून."

"रक्तात साखर वाढली असेल, आई. साखरेने नसा जातात. तपासायला हवं."

"कोणाला सांगू नको."

"का पण?"

मालनबाई नळाकडे बघत राहिल्या. "नामपूरची माझी बहीण सरू. तिला बी असंच झालं. चालत गेली दवाखान्यात. पाय तिथंच ठेवून आली. आता बाजेवर बसून कांदे निवडते. मला हात ठेवून नाय यायचं, मनीषा. हात गेला म्हणजे माझं राहतं काय?"

"त्या उशिरा गेल्या म्हणून तसं झालं."

"बघू. दसरा होऊ दे."

दसरा झाला. मग दिवाळी होऊ दे. मग फ्लॉवरच्या काढणीला माणसं हवीत, ती होऊ दे. हात पट्टीत गुंडाळलेला होता आणि विचारलं तर त्या सांगत, तव्याचा चटका. अण्णांनी दोनदा तव्याकडे पाहिलं. मनीषा रोज संध्याकाळी पट्टी बदलायची. एकदा पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "आई, ढीग गार पडला तरी मला भीती वाटत नाही. त्यांचे बीजाणू असतात. हवा दिली, खाऊ दिला की परत तापतो. नसांचं तसं नाही. त्यांना थांबून राहता येत नाही. ज्या गेल्या त्या परत आणता येत नाहीत, ज्या आहेत त्या राखता येतात. मी रोज पट्टी बदलेन. पण रोज एक दिवस जातोय."

मालनबाईंनी पट्टी बांधलेला हात मागे घेतला नाही.

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला पोळत नाही आणि दुखतही नाही. म्हणूनच मला वाटतं, दुखणं कळणं ही किती मोठी गोष्ट आहे ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं. माझं काम उष्णता वाहून नेण्याचं. ती कोणाला तरी जाणवली तरच माझा उपयोग. तुमच्या घरात कोणाची चप्पल पायातून निसटून मागे राहत असेल, गरम भांडं कोणी जरा जास्तच वेळ हातात धरत असेल, तर हसून सोडून देऊ नका. एकदा विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर परत विचारा. आणि माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू भिंतीवर टांगली असेल, तर कधीतरी तिच्यावरची धूळ पुसा. एवढंच माझं मागणं आहे.

आता शेवटचं सांगते. ते कालच घडलं.

थंडी पडली आहे. सकाळी ढिगातून वाफ निघत होती. गोठ्यासमोर सगळे मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. अण्णा, मनीषा, आणि हो, नवसाबाईसुद्धा. रोपांवरून धरलेला अबोला त्यांनी सोडला होता, मात्र अजून मोजकंच बोलत. मालनबाईंनी मला पुन्हा ढिगात खुपसलं होतं. माझे सोबती जोरात जेवत होते. इतकी ऊब मी बऱ्याच दिवसांनी अनुभवत होते.

मालनबाई उठल्या. त्यांनी कडीला धरून मला बाहेर काढलं आणि जुड्यांपाशी आल्या. हात बरा झाला होता, तळव्यावर नवी गुलाबी कातडी होती.

"काय गं, पोळतंय का?" नवसाबाईंनी मान वर न करता विचारलं. "का माझी रोपं परत आडवी पाडतेस?"

मनीषाच्या हातातली जुडी अर्धी बांधायची राहिली. अण्णाही थांबले. मालनबाईंची मूठ माझ्याकडे आली आणि रेघेच्या अलीकडेच थांबली. 'पोळतंय' म्हणायला त्यांना एक क्षण पुरला असता. त्यांनी कडीला धरून मला नवसाबाईंच्या पुढे केलं.

"तूच धर."

"मी? बरं." नवसाबाईंनी मला मुठीत घेतलं आणि लगेच टाकून दिलं. "अगं बाई! केवढी तापलीय! एवढं पोळतंय तर सांगायचं ना तोंडानं!"

मी मेथीवर पडले. मालनबाईंनी मला उचललं नाही. त्या खाली बसल्या आणि दोन्ही तळहात मांडीवर उघडे ठेवले.

"मला कळत नाय, नवसा," त्या म्हणाल्या. "हाताला कळत नाय, पायाला बी नाय. लय दिवस झाले. तुझी रोपं त्यानंच गेली. अहो, उद्या कुंदनला सांगा, टेम्पो बाजारात नेऊ नको. मनीषा, तू रजा टाक. उद्या मला दवाखान्यात जायचंय."